अडीच किलोचं कुत्रं, गल्लीभर बोभाटा

बातमी पक्की आहे. बार्शी नाक्यापासून पेठ बीडपर्यंत कुणालाही विचारा. ज्या बीडमध्ये कुत्र्याच्या वाट्याला आजवर शिळी भाकरी आणि पाठीत खडा यापलीकडं फारसं काही आलं नाही, त्याच बीडमध्ये आता कुत्र्याच्या केसांना रबर लावून शेंडी बांधली जाते. शेंडीवर गुलाबी फीत, फितीवर मोती. आणि हे काम घरातली सूनबाई रोज सकाळी स्वतःची वेणी घालायच्या आधी उरकते! सासूबाईंनी ही व्यथा देवळात सांगितली, देवळातून ती भाजीबाजारात आली आणि बाजारातून आमच्यापर्यंत यायला कितीसा वेळ लागणार?

म्हणे, एका गुत्तेदारांनी पुण्याहून हे कुत्रं आणलं. नाव यॉर्कशायर टेरियर, लाडानं यॉर्की. वजन अडीच किलो, म्हणजे आपल्या मोंढ्यातला आडत्या असलं वजन काट्यावरसुद्धा घेत नाही. पण थाट बघा! गाडीत कुत्रं पुढच्या शिटावर, गुत्तेदारीण बाई मागच्या. एसीचा झोत कुत्र्याच्या तोंडावर येऊ नये म्हणून वर रुमाल धरलेला. पूर्वी कुत्र्यांची नावं मोत्या, वाघ्या, टिप्या असायची. हिचं नाव डायना. गडीमाणसं तिला ‘डायनाबाई’ म्हणतात, कारण नुसतं ‘डायना’ म्हटलं की मालकीणबाईंचा चेहरा पडतो. आणि किंमत? ती कुणी सांगत नाही, म्हणून प्रत्येक जण आपल्या मनानं सांगतो. समोरच्या मावशींचा हिशेब मात्र सरळ आहे : “अगं बाई, एवढ्या पैशात दुभती म्हैस आली असती की! आन् म्हैस रोज केस विंचरून मागत न्हाई.”

बीडला रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. हे केसाळ पाहुणे रुळांची वाट न बघता केव्हाच आले. आता एका घरी आलं म्हटल्यावर शेजारचं घर गप्प बसेल काय? जालना रोडवरच्या डॉक्टरीणबाईंनी पांढरंशुभ्र आणलं. मेडिकलवाल्यांच्या चिरंजीवांनी ‘जॅक रसेल’ आणलं. एका निवृत्त मास्तरांनी आयुष्यभर पोरांना काटकसर शिकवली, आणि तेच मास्तर आता बिंदुसरेच्या काठाकाठानं सकाळी कुत्र्याला फिरवताना दिसतात. हातात काठी नाही, पिशवी आहे. पिशवी कशाला, हे विचारू नका. कुत्र्यानं केलेली घाण मास्तर स्वतः उचलतात! ज्या गावात माणसं तोंडातली पिचकारी गिळत नाहीत, तिथं हे!

खरं सांगायचं तर आपल्या लोकांना कुत्र्याचं वेड चित्रांतून लागतं. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला, त्यात टफी नावाच्या पांढऱ्या कुत्र्यानं क्रिकेटचं पंचपद केलं, आणि गावोगावी पांढऱ्या ‘पामेरियन’ची मागणी आली. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत चपट्या नाकाचा पग पोराच्या मागं मागं चालला, आणि तो पग उन्हात धापा टाकत आपल्याही मागं आला. टेरियर तर त्याच्याही कितीतरी आधी घरात शिरलं होतं, फक्त आपल्याला पत्ता नव्हता. आजोबांच्या फोनोवर फिरणाऱ्या एचएमव्हीच्या तबकडीवर भोंग्यापुढं कान देऊन बसलेलं कुत्रं आठवतं? त्याचं नाव निपर. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचं, टेरियर वळणाचं. फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकारानं त्याला रंगवलं ते कुत्रं मेल्यावर. आणि ब्लॅक अँड व्हाइट नावाच्या व्हिस्कीच्या बाटलीवर जी एक काळी आणि एक पांढरी मूर्ती आहे, तीही स्कॉटलंडची टेरियरंच. ती कुत्री गावातल्या बऱ्याच प्रतिष्ठितांनी फार जवळून पाहिलेली आहेत. पण घरात विचारलं तर ओळख देणार नाहीत.

आता आपल्याकडं पाहुणा आला की कुळी काढायची रीत आहे. डायनाबाईंची काढली. आणि काय सांगू, जे निघालं त्यानं गुत्तेदारीण बाईंचं तोंड एवढंसं झालं. त्या सगळीकडं सांगत होत्या की ही इंग्लंडच्या राजवाड्यातली जात. राजवाडा कुठला, गिरणी! एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे विणकर पोटासाठी यॉर्कशायर-लँकेशायरच्या गिरण्यांकडं आले. येताना त्यांनी आपली छोटी कुत्री सोबत आणली. काम एकच : गिरणीतले, गोदामातले, खाणीतले उंदीर मारायचे. त्याच कुत्र्यांतून ही जात घडली. या घराण्याचा मूळ पुरुष मानतात तो हडर्सफील्ड बेन. जन्म १८६५, मरण १८७१ मध्ये गाडीखाली येऊन. हा बेन प्रदर्शनात बक्षिसं घ्यायचा आणि उंदीर मारायच्या शर्यतीतही उतरायचा. लाडाची बाहुली झाली ती नंतर, शहरातल्या बायकांच्या मांडीवर गेल्यावर.

म्हणजे ही शेंडीवाली मुळात मजुराची लेक. बीडकरांनी तरी यावर नाक मुरडू नये. दिवाळी झाली की आपल्याच जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बैलगाडीखाली, ट्रॅक्टरच्या मागं त्यांची कुत्रीही जातात आणि फडावरच्या कोपीशी राखण करतात. पोट भरायला मुलूख सोडणारा माणूस आणि त्याच्याबरोबर निघालेलं कुत्रं, ही गोष्ट आपल्याला कुणी इंग्लंडहून सांगायला नको. आणखी एक धागा सांगते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालली होती, तिथला कापूस अडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसावर झडप घातली. ज्या गिरण्यांत या कुत्र्यांचे पूर्वज उंदीर धरत होते, त्यांतल्या गासड्यांत आपल्या काळ्या मातीतला कापूसही होता. आता ती मंडळी इथं आली आणि आपण तिला सोफ्यावर बसवून बेदाणे भरवतोय.

बेदाण्यांवरून आठवलं. खरा हाहाकार तर खाण्यापिण्यात आहे. एका घरी आजीबाईंनी ठरवलं, कुत्रं आता घरचं झालं, तर घरचे नियम त्यालाही. एकादशीला कुत्र्याचाही उपवास! मोठ्या कुत्र्याचं एका दिवसानं काही बिघडत नाही, पण यॉर्कीचं पिल्लू म्हणजे मूठभर जीव. त्याच्या अंगात साखरेचा साठा जवळजवळ नसतो. तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत त्याला दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला लागतं. चुकलं की रक्तातली साखर उतरते, पिल्लू लटपटतं, गार पडतं, फेफरं येतं. अशा वेळी हिरड्यांना साखरेचं पाणी किंवा मध चोळायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. पुण्य आजीबाईंना लागेल, पण पिल्लू जाईल.

दुसऱ्या घरी याच्या अगदी उलट. “खाऊ दे की बिचारीला!” म्हणून सकाळी भाकरी, दुपारी भाकरी, रात्री रस्सा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि तीन किलोच्या कुत्र्याला अख्ख्या दिवसाला दोनशे ते अडीचशे पुरतात. म्हणजे आपली एक दणदणीत भाकरी ही त्याची सबंध दिवसाहून मोठी पंगत. आणि रस्सा तर विषाचीच वाटी, कारण त्यात कांदा आणि लसूण. या दोन्हींनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सत्यनारायणाच्या प्रसादातले बेदाणे, द्राक्षं मूत्रपिंड बसवतात. वाढदिवसाच्या केकमधलं चॉकलेट हृदयावर आणि मेंदूवर येतं. आणि आपल्या बालाघाटचं सीताफळ, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून आपण कॉलर ताठ करतो, त्याच्या बिया विषारी. पूर्वी बायका उवा मारायला वाटून लावायच्या त्या उगीच नाही. मग द्यायचं काय? बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन किंवा अंडं, थोडा भात, दही, नाहीतर कुत्र्यासाठी बनवलेलं वजनाबरहुकूम खाद्य. पण मसाल्याशिवाय काही शिजवायचं म्हटलं की आपल्या स्वयंपाकघरात सुतक आल्यागत वाटतं.

यापुढचं ऐकायला मन घट्ट करा. कुत्र्याचे दात घासतात! होय, ब्रशनं! मिश्री लावणाऱ्या पिढीसमोर हे चाललंय. पण डॉक्टर सांगतात त्यात तथ्य आहे. एवढ्याशा जबड्यात दातांची दाटी होते, दुधाचे दात पुष्कळदा पडतच नाहीत, मग किटण धरतं आणि तरुणपणीच दात हलायला लागतात. मात्र आपली पेस्ट वापरायची नाही. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, ते सगळं गिळतं. काही पेस्टमध्ये आणि बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. त्यानं कुत्र्याची साखर एकदम कोसळते. तीच गत औषधांची. कुत्रं कण्हायला लागलं की डब्यातली तापाची अर्धी गोळी द्यायची, हा आपला घरगुती बाणा. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन यांनी एवढं लहान कुत्रं जिवानिशी जातं.

आंघोळीवरून तर गल्लीत उभी फूट पडली आहे. जिथं नळ कधी सुटेल याचा नेम नाही आणि उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत हंड्याला हंडा भिडतो, तिथं कुत्र्याला रोज शॉवर? शेजारणींनी बोटं मोडली, आणि त्या बरोबरच होत्या! रोज आंघोळ घातली की कातडीचं तेल जातं, खाज सुटते. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, कुत्र्याच्या शांपूनं, पुरते. रोज लागतो तो कंगवा. यॉर्कीचे केस आपल्या केसांगत वाढतच राहतात, झडतात कमी आणि गुंततात फार. डोळ्यांत गेले की डोळा चिघळतो, म्हणून ती शेंडी. म्हणजे ज्या शेंडीवरून सासूबाईंनी देवळात डोळे पुसले, ती नटण्यासाठी नव्हतीच. विंचरायला सवड नसेल तर केस बारीक कापून घ्यावेत, पण उन्हाळा आहे म्हणून कातडी दिसेस्तोवर भादरू नये. उघडी कातडी उन्हानं भाजते.

आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला माणसागत घाम येत नाही, ते धापा टाकून अंग निववतं. म्हणून फिरणं सूर्य वर यायच्या आत आणि मावळल्यावर. डांबरावर आपला हात सहा-सात सेकंद टिकत नसेल तर कुत्र्याचा पायही टिकत नाही. धाप थांबेना, हिरड्या लालभडक झाल्या, झोक जायला लागला, तर साध्या पाण्यानं अंग भिजवत दवाखान्यात पळा. बर्फ चोळत घरी बसू नका. गोचीड रोज बोटांनी चाचपून बघा, कारण गोचीडतापानं आपल्या भागातली कितीतरी कुत्री दगावतात. आणि गळ्यातला घुंगरांचा पट्टा काढा. या जातीच्या श्वासनळीच्या कड्या मऊ असतात, पट्टा ओढला की नळी दबते आणि घोगरा ठसका सुरू होतो. छातीला बसणारा पट्टा घ्यावा. सोफ्यावरून उड्या मारू देऊ नयेत, गुडघ्याची वाटी सरकते.

मेडिकलवाल्यांच्या घरचं प्रकरण याहून रंगतदार. त्यांना फोटोत जॅक रसेल गोड दिसलं. चपळ आहे, हुशार आहे, चित्रकथेतल्या टिनटिनच्या स्नोवी कुत्र्यागत पांढरं आहे, अजून काय पाहिजे? स्नोवी मुळात फॉक्स टेरियर, हा भाग वेगळा. जॅक रसेल हे जॉन रसेल नावाच्या शिकारीवेड्या पाद्र्याच्या नावानं ओळखतात. १८१९ मध्ये त्यानं एका दूधवाल्याकडून ट्रंप नावाची कुत्री घेतली, तिच्यापासून हा वंश. काम काय, तर घोड्यांबरोबर मैलोनमैल पळायचं आणि कोल्हा बिळात शिरला की त्याच्या मागं घुसून त्याला बाहेर काढायचं. असं कुत्रं दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत ठेवलं. त्यानं आधी कुंड्या उकरल्या, मग गादी उकरली, मग पाहुण्यांची चप्पल. शेवटी फरशीच्या फटीवर नखं घासत बसलं. घरचे म्हणतात, पिसाळलंय. पिसाळलंय कसलं, रिकामं बसलंय! त्याला रोज तासभर तरी दमवून पळवायला, हुंगायला, शोधायला काहीतरी लागतं. शेत असेल तर ते सोनं, फ्लॅटमध्ये रणकंदन.

आणि शेतात तरी सांभाळूनच. टेरियर उंदीर सोडत नाही. आपण घरात, गोदामात उंदराचं औषध ठेवतो. ते कुत्र्यानं खाल्लं किंवा ते खाऊन मेलेला उंदीर खाल्ला, की दोन-तीन दिवसांनी आतून रक्तस्राव सुरू होतो. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस येतो तो वेगळाच, म्हणून त्याची लस टोचलेली हवी.

शिवाय आपला आकार केवढा, हे या कुत्र्यांना कुणी सांगितलेलंच नाही. अडीच किलोची डायनाबाई बैलाच्या अंगावर भुंकत जाते, चौकातल्या टोळीला आव्हान देते. मोकळी सोडली तर एका झटक्यात खेळ खलास. गच्चीही सुरक्षित समजू नका. माजलगाव तालुक्यातलं लवूळ आठवा. २०२१ च्या अखेरीस तिथं वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांवर नेत होती. माकडांनी सूड म्हणून अडीचशे कुत्री मारली, अशी बातमी जगभर फिरली. त्या आकड्यावर पुढं शंका घेतली गेली आणि सुडाची कहाणी रंगवलेलीच होती. पण वर नेलेली पिल्लं उपाशीतापाशी किंवा पडून मरत होती, हे गावानं पाहिलं, आणि शेवटी वन विभागाच्या पथकानं दोन वानरं पकडली. तेव्हा गच्चीवर वाळवण घालताना कुत्रं खाली ठेवा.

आता कायद्याची भानगड. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं हिंस्र जातींची यादी काढली, त्यात पिटबुल टेरियरचं नाव होतं. ‘टेरियर’ एवढंच ऐकून आमच्या गल्लीत एका घराची झोप उडाली. त्यांचं कुत्रं पलंगाखालच्या पालीला भितं. त्या यादीत ही छोटी मंडळी नव्हती, आणि कर्नाटक उच्च न्यायालयानं पुढच्याच महिन्यात ते परिपत्रक रद्द केलं. ज्या नियमाकडं बघायला हवं तो २०१७ चा आहे : कुत्र्यांची पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पण आपल्याकडं चाललंय काय? मोबाइलवर फोटो, अर्धे पैसे आगाऊ आणि पिल्लू रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं खोक्यात. वर ‘टीकप’ म्हणून जादा पैसे. टीकप अशी वेगळी जातच नाही. खुरटलेलं पिल्लू दागिन्याच्या भावात खपवायची ती युक्ती. आणि पुढं दोन-तीन वर्षांत काळ्या केसांचा निळसर करडा रंग झाला की हेच लोक ‘रंग गेला, फसवलं’ म्हणून ओरडतात. बाबांनो, यॉर्कीचं पिल्लू काळंच जन्मतं, रंग नंतर उजळतो.

सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट शेवटी सांगते, कारण ती कुजबुजतच सांगतात. हौस फिटली की काय होतं? लग्नाला जायचंय, पोरगी शिकायला संभाजीनगरला गेली, कुत्रं रात्रभर भुंकतं. मग एक दिवस ‘शेतावर पाठवलं’ असं सांगतात. शेत कुणाचं, कुठलं, कुणी विचारू नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला उपासमारीच्या तोंडी सोडून देणं हा गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात सुभाष रोडवर दोघांची भेळही होत नाही. यॉर्की बारा ते पंधरा वर्षं जगते. गुत्तेदारी तेवढी टिकते का, याचा विचार कुणी आधी करत नाही.

तर आमचं मत असं. टेरियर बीडला चालतं, बीडच्या मिरवण्याला मात्र चालत नाही. घ्यायचंच असेल तर दुकानातलं नवं पिल्लू घेण्याआधी चौकशी करा; हौस फिटलेल्या घरात एखादं मोठं झालेलं कुत्रं नक्की असेल, ते दत्तक घ्या. लसीची वही मागा, स्वभाव दोन-चार वेळा जाऊन बघा, घरी आणल्यावर काही आठवडे पाहुण्यांचा जमाव जमवू नका. पहिल्याच आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरकडं न्या. गरज पडली तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आणि ‘एवढंसं कुत्रं चावून काय होतंय’ असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. लाळेतल्या रोगाला कुत्र्याचा आकार कळत नाही. चावलं तर जखम पंधरा मिनिटं साबणानं धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. शेंडी बांधायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा; कुत्रं तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या, आणि पुढं दरवर्षी चुकवू नका.